फळीवरचा भूकंप

माणसाने बातमी वाचावी, पेपरची घडी करावी आणि अंघोळीला जावं. मला हे जमत नाही. मी बातमी वाचतो आणि लगेच काहीतरी करायला उठतो. माझ्या संसारातले बहुतेक अपघात या उठण्यातून झालेले आहेत.

त्या दिवशीची बातमी होती : आता मोबाइललाही भूकंप कळणार.

मी भागवत. लातूरच्या एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. कचेरीचा संबंध पाण्याशी आहे. लातुरात पाण्याशी संबंध म्हणजे किती असणार, हे आता बाहेरगावच्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे मला मोबाइलच्या बातम्या वाचायला वेळ कसा मिळतो ते वेगळं सांगत नाही. कोणत्या कंपनीने फोनला चौथा कॅमेरा लावला, कोणतं घड्याळ मनगटावर बसून आपली झोप मोजतं, कोणता टीव्ही सतरंजीसारखा गुंडाळून ठेवता येतो, हे सगळं मला ती वस्तू बाजारात येण्याआधी माहीत असतं. (आल्यावर विकत घेणं हा वेगळा विषय आहे.) रोज अकराच्या चहाला मी त्यावर बोलतो. साहेबसुद्धा ऐकतात. म्हणजे, उठून जात नाहीत. शंका मात्र फक्त आमचे शिपाई दगडोबा विचारतात. घडी घालायच्या फोनवर मी अर्धा तास बोललो तेव्हा ते म्हणाले, "ते समदं ठीक हाय साहेब, पण घडीवर सुरकुती पडली तर इस्त्री चालती का?"

सगळे हसले. पुढच्या आठवड्यात मी वाचलं की घडीवर खरोखरच सुरकुती पडते. ते मी चहाच्या वेळी सांगितलं नाही.

शिवाय मी व्हॉट्सअॅपवर 'लातूर टेक मंच' नावाचा ग्रुप चालवतो. चौदा सदस्य आहेत. अकरा जणांनी ग्रुपचा आवाज बंद करून ठेवलाय, दोघांनी नंबर बदललेत आणि चौदावा मी. पुण्यात नोकरी करणारा आमचा मुलगा त्या अकरांत पहिला.

तर भूकंपाची बातमी. ती वाचून मी उठलो त्याला कारण आमच्या हॉलमधली उतरंड.

इतरांच्या घरी टीव्हीशेजारी फुलदाणी असते, नाहीतर मुलाचा पदवी घेतानाचा फोटो. आमच्याकडे तिथे एक फळी आहे आणि फळीवर एकावर एक रचलेली भांडी. सगळ्यात खाली पितळी डबा, त्यावर उपडा तांब्या, त्यावर उपडं फुलपात्र, त्यावर वाटी आणि वाटीत पाच गोट्या. फळीच्या खाली, जमिनीवर, जर्मनची म्हणजे अॅल्युमिनियमची मोठी परात. जमीन जराशी हलली की वाटी घसरणार, गोट्या परातीत, मागोमाग फुलपात्र, तांब्या, आणि घर जागं होणार. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्या भागात बऱ्याच घरांतून अशा उतरंडी लागल्या होत्या. वर्ष-दोन वर्षांनी लोकांनी भांडी परत स्वयंपाकघरात नेली. पुनमने, म्हणजे माझ्या बायकोने, नेली नाहीत. लग्न होऊन आली तेव्हा इतर मुली कपाट आणतात, हिने उतरंड आणली.

त्र्याण्णवला ती अकरा वर्षांची होती. औसा तालुक्यातलं गाव, दगडमातीचं घर. त्या पहाटे तिचे बाबा बाहेर पडले होते. ते परत आत शिरले, धुरळ्यात तिचं नाव घेत घेत, आणि तिला ओढून बाहेर काढलं. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये दीड वर्ष काढलं तेव्हा त्यांनीच पहिली उतरंड रचून दिली. "आता तू झोप, ही जागी ऱ्हाईल," म्हणाले. आता बाबा नाहीत. पितळी डबा तोच आहे. पण पुनम काही पूर्ण झोपली नाही. दालमिलचा ट्रक गेला तरी उठून बसते, फळीकडे बघते, मग आडवी होते. तीस वर्षांत ती कधी सलग झोपली असेल असं मला वाटत नाही. (मला ते दिसत नाही म्हणा, मी झोपलेलो असतो.)

आता माझं त्र्याण्णव. मी एकोणीस वर्षांचा होतो, इथेच लातुरात. विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या त्या पहाटे सगळं शहर रस्त्यावर आलं. मी आलो नाही. मला बाजेसकट चौघांनी उचलून रस्त्यावर आणलं. सात वाजता मी डोळे उघडले, भोवती सगळी गल्ली बसलेली पाहिली आणि विचारलं, "गणपती गेले का?"

हे पुनमला माझ्या आईने लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून संकटसमयी हिच्या यादीत माझं नाव सामानात येतं, माणसांत येत नाही.

म्हणून मी ती बातमी तिला मोठ्याने वाचून दाखवली आणि म्हणालो, "पुनम, ती उतरंड काढ आता. तुझ्याऐवजी फोन जागा राहील. तू झोप."

हे मी अगदी मनापासून बोललो. दिवसभर राबणाऱ्या बाईने रात्रीही अर्धं जागं राहावं याचं मला खरंच वाईट वाटतं. आणि एकदा तरी, एकदा तरी, हिने माझ्यावर भरवसा ठेवून डोळे मिटावेत अशी माझी फार इच्छा होती.

ती भाकरी थापत होती. थांबली नाही.

"आधी दावा," म्हणाली. "दोन्ही शेजारी ठिवा आठ दिवस. जे खरं बोलंल ते ऱ्हाईल."

नवा फोन घ्यावाच लागला. (बातमीत जुन्या फोनचा उल्लेख नव्हता.) तो घेऊन मी गंजगोलाईतल्या अकरमच्या दुकानात गेलो. अकरम मोबाइल दुरुस्त करतो आणि माझी सगळी खरेदी झाल्यावर 'मला आधी विचारायचं ना भाऊ' असं म्हणतो. त्याने भूकंपाचं अॅप टाकून दिलं.

"हे बघा भाऊ, फोन सपाट जागेवर ठेवायचा, चार्जिंगला लावायचा आन् हलवायचा न्हाई. जागा हलली की सायरन."

"मग फोनवर बोलायचं कसं?"

"बोलायचंय का भूकंप धरायचाय, ते एक ठरवा."

अॅपला तीन पायऱ्या होत्या : मंद, मध्यम, तीव्र. अकरम म्हणाला, मध्यम ठेवा. मी तीव्र ठेवायला सांगितलं. लातुरात मध्यमवर कोण समाधान मानतं? इथे सातशे वीसपैकी सहाशे नव्वद मार्क पडले तर शेजारी भेटायला येताना आवाज खाली घेतात.

मार्कांवरून आठवलं. ट्यूशन एरिया आमच्या गल्लीपासून हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावर पाच मुली राहतात. गल्लीत प्रत्येकाच्या वरच्या मजल्यावर कुणीतरी डॉक्टर होत असतं. आमच्यातली म्होरकी म्हणजे लोहा गावची अर्शी. नीटचा दुसरा प्रयत्न. पहिल्या प्रयत्नात थोडक्यात हुकली, तेव्हापासून ती जिना उतरतानासुद्धा काहीतरी पुटपुटत उतरते.

तर मी फोन फळीवर ठेवला. चार्जरची वायर आखूड, त्यामुळे तो उतरंडीला जवळजवळ खेटूनच बसला. एका बाजूला विज्ञान, दुसऱ्या बाजूला पितळी डबा. मी त्याचा फोटो काढून मंचावर टाकला. (जुन्या फोनने.) कुणी काही बोललं नाही, पण अकरा जण गप्प असणं हीही एक दाद असते.

पहिला भूकंप मंगळवारी सकाळी साडेसातला आला. पाण्याची मोटार सुरू झाली आणि फोनने बोंब ठोकली. सायरन, आणि मध्ये मध्ये एका शांत बाईचा आवाज : "जोरदार धक्का जाणवला आहे. घाबरू नका. ताबडतोब मोकळ्या जागेत जा." मोकळ्या जागेत गेलो तर शेजारचे शिवप्पा दात घासत उभे. शिवप्पा म्हणजे एस्टीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळं आयुष्य उदगीर-देगलूर रस्त्यावर गेलेलं.

"काय झालं भागवतराव?"

"धक्का."

"कवा?"

"आत्ता! जमीन हलली, तुम्हाला कळलं नाही?"

"एवढं हलल्यालं आम्ही रस्ता चांगला हाय म्हणत होतो," असं म्हणून त्यांनी चूळ भरली.

दुसरा भूकंप बुधवारी, शेंगदाण्याच्या चटणीचा. मिक्सर लागला आणि शांत बाई बोलली. तिसरा गुरुवारी, वरच्या मुलींनी कॉट सरकवली म्हणून. तिन्ही वेळा उतरंडीतली एक गोटीसुद्धा हलली नाही. पुनमने फक्त फडकं घेऊन पितळी डबा जरा जास्त वेळ पुसला.

शुक्रवारी अर्शी खाली आली.

"अंकल, रविवारी साडेदहापासून दोनपर्यंत आमची मोठी टेस्ट हाय. ऑनलाइन. ह्याच्यावर बॅच ठरणार हाय. टॉपची बॅच मिळाली तर ठीक, न्हाई तर अब्बा म्हणतात लोह्याला परत ये. परवा तुमच्या भूकंपात माझे चार प्रश्न गेले."

"बेटा, भूकंप काय मी आणतो?"

तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. असं बघणं ती आमच्या घरात राहून पुनमकडून शिकली होती.

मी तिला शब्द दिला. रविवारी सकाळी मोटार बंद, मिक्सर बंद, आणि फोन सायलेंटवर. आता रिंग वाजणार नाही, फोन नुसता थरथरणार. (सायरन सायलेंटवरही वाजतो, अॅपमध्ये तशी सोय होती. नाहीतर खऱ्या भूकंपात पंचाईत.) एवढा सगळा विचार केल्याबद्दल मी स्वतःवर खूश झालो आणि दिवाणावर आडवा होऊन, पेपर तोंडावर घेऊन, बातम्यांवर विचार करू लागलो.

त्या विचारात किती वेळ गेला माहीत नाही. अचानक परात वाजली. नुसती वाजली नाही. गोट्या, वाटी, फुलपात्र, तांब्या सगळे एकापाठोपाठ त्यात पडले, आणि तो आवाज विरायच्या आत सायरन सुरू झाला. "जोरदार धक्का जाणवला आहे!"

लक्षात घ्या, दोघंही बोलले. विज्ञान आणि पितळ. इतक्या दिवसांत ज्यांचं एकदाही जमलं नव्हतं त्यांचं एकमत झालं होतं. त्यावर विश्वास ठेवायचा नाही तर कशावर?

मी पळालो. तीस वर्षांचा कलंक धुवून निघेल असा पळालो. दारात कुणालातरी माझा धक्का लागला, मी थांबलो नाही, आणि रस्त्यावर कडुनिंबाखाली पोहोचलेला गल्लीतला पहिला माणूस मी होतो.

मग बाकीचे आले. वरच्या पाच मुली जिना दणाणत उतरल्या. गल्लीतल्या सगळ्या घरांतून, सगळ्या वरच्या मजल्यांवरून अर्धवट डॉक्टर बाहेर आले. शिवप्पा खुर्ची घेऊन आले, कारण बाहेर किती वेळ बसावं लागेल हे त्यांना अनुभवाने माहीत होतं. शेवटी पुनम आली. गॅस बंद करून, वरच्या मुली सगळ्या उतरल्या का ते जिन्यात उभं राहून मोजून. तिच्या हातातली बांगडी फुटली होती.

"लागलं का?" मी विचारलं.

"दारात कुणाचातरी धक्का बसला," ती म्हणाली आणि माझ्या हातांकडे बघू लागली.

मीही पाहिलं. उजव्या हातात फोन होता. डाव्या हातात फोनचा खोका. खोक्यावर बिल आणि काखेत चार्जर.

"वॉरंटी..." मी म्हणालो.

भर गर्दीत ती हळू आवाजात बोलली, त्यामुळे ते जास्त लागलं. "बाबा बाहेर पडल्याले परत आत आलते. माझं नाव घेत. तुम्ही खोका घेतलाव."

मला त्या क्षणी खरोखर वाटलं की जमीन फाटावी. पण अॅपच्या म्हणण्याप्रमाणे धक्का येऊन गेला होता.

बायकोपुढे तोंड उघडायची सोय राहिली नाही की माणूस दुसरीकडे बोलू लागतो. मी मंचावर लिहिलं : "लातुरात आताच मोठा धक्का. माझ्या फोनने सर्वांत आधी सांगितले. तंत्रज्ञानाचा विजय!" आणि काय सांगू, सात वर्षांत पहिल्यांदा ग्रुपला जाग आली. कुणी हात जोडले, कुणी 'किती रिश्टर' विचारलं, मुलाने पुण्याहून लिहिलं 'आई कशी आहे'. मी भराभर उत्तरं देत होतो. मधेच वर 'सासूबाई, दोन मिस्ड कॉल' असं दिसलं. ते मी बोटाने बाजूला सारलं. तिकडेही धक्का जाणवलेला दिसतोय, नंतर बोलू, असं म्हटलं. इथे मला रिश्टर ठरवायचे होते.

मी 'अंदाजे पाच' लिहिलं. पंचवीस मिनिटांनी तोच संदेश दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवरून फिरत शिवप्पांच्या फोनवर आला. तोपर्यंत तो सहा पूर्णांक एक झाला होता आणि शेवटी लिहिलं होतं, 'पुढचे बारा तास घरात जाऊ नये, तज्ज्ञांचे मत.'

"बघा," मी सगळ्यांना म्हणालो, "तज्ज्ञही तेच म्हणतात."

मी ज्या तज्ज्ञाचा आधार घेत होतो तो मीच होतो, हे माझ्या लक्षात आलं नाही. गल्ली बसून राहिली. कुणी सतरंज्या आणल्या, कुणी पिण्याचं पाणी. अर्शी मात्र उभीच होती. हातात टॅब. वायफाय घरातच राहिलं होतं आणि टॅबवर एकच ओळ दिसत होती : आपली परीक्षा समाप्त झाली आहे.

"किती प्रश्न राहिले?" मी विचारलं.

"एकशे चाळीस," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

दीडच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला आणि त्यातून माझ्या सासूबाई उतरल्या. लक्ष्मीबाई, वय सत्तरच्या पुढे, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, हातात भाकरीचा डबा आणि खांद्यावर गुंडाळलेली ताडपत्री. पुढचे चार दिवस रस्त्यावर काढायच्या तयारीनेच त्या आल्या होत्या. त्यांनी आधी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग मला शोधलं.

"जावईबापू, फोन का उचलला न्हाई? दोनदा लावला. वाजू वाजू थांबला. म्या म्हणलं, झालं, घर पडलं. उठले आन् एस्टीत बसले."

"आईचा फोन आलता?" पुनम माझ्याकडे वळली. "आन् तुम्ही सांगितलं न्हाई?"

"गडबडीत... पण आई, तुम्हालाही धक्का जाणवला ना तिकडं?" मी आशेने विचारलं.

"कसला धक्का? आमच्याकडं काय न्हाई. म्या आपलं इचारावं म्हणून लावला. पुनी म्हणाली हुती, जावयानं भूकंपाचं मशीन आणलंय. म्हणलं, मशीनलाच इचारावं, औंदा काय हुणार हाय का."

अर्शीने टॅबवरून मान वर केली.

"अंकल, नानींचा कॉल किती वाजता आला?"

मी पाहिलं. "पहिला अकरा बेचाळीस."

"आन् सायरन?"

अॅपमध्ये नोंद होती. "अकरा बेचाळीस."

"फोन कुठं होता?"

"फळीवर."

"सायलेंटवर? उतरंडीला लागून?"

"तूच म्हणालीस म्हणून..."

"चला," ती म्हणाली. एकशे चाळीस प्रश्न गेलेल्या मुलीला अडवायची कुणाची छाती झाली नाही. ती सरळ आमच्या घरात शिरली. मागे पुनम, मागे लक्ष्मीबाई, मागे शिवप्पा. उरलेली गल्ली खिडकीला चिकटली.

पुनमने उतरंड पुन्हा रचली. अर्ध्या मिनिटात, तिच्या हातांना विचारावंच लागत नाही. मी फोन जागेवर ठेवला. अर्शीने आपल्या फोनवरून माझा नंबर लावला.

गुर्रर्र. माझा फोन फळीवर थरथरू लागला. थरथरत इंचभर सरकला. पितळी डब्याला टेकला. डबा गुणगुणू लागला, त्यावर तांब्या, त्यावर फुलपात्र. वाटीतल्या पाच गोट्या गोल फिरू लागल्या. आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. वाटी कडेला आली, क्षणभर थांबली आणि गेली. परात दणाणली, फळी हादरली, आणि लगेच सायरन. शांत बाई म्हणाली, "जोरदार धक्का जाणवला आहे. घाबरू नका."

कारण डोळ्यांसमोर असूनही खिडकीतले दोघे-तिघे पळालेच.

"स्वतःची थरथर अॅप धरत न्हाई. पण फोननं उतरंड पाडली," अर्शी वर्गात शिकवल्यासारखी म्हणाली, "आन् उतरंड पडल्याचा भूकंप फोननं पकडला. केंद्रबिंदू फळी. खोली साडेतीन फूट."

"आन् सहा पूर्णांक एक?" शिवप्पांनी विचारलं.

"ते अंकलनी."

गल्ली इतकी हसली की मी फोन फळीवरून उचलला नसता तर पुन्हा सायरन झाला असता. मीही हसायचा प्रयत्न केला. पण पुनम हसत नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. दुसऱ्यांदा सायरन वाजला तेव्हा तो हात आपोआप टेबलावरच्या खोक्याकडे गेला होता आणि अजून तिथेच होता.

सोमवारी मी रजा टाकून अर्शीच्या क्लासमध्ये गेलो. तिची टेस्ट परत घ्यावी असा अर्ज मी स्वतः लिहिला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत लिहिलेला सर्वांत अवघड अर्ज. 'घरमालकाच्या भ्रमणध्वनीच्या कंपनामुळे भांडी कोसळून उद्भवलेल्या परिस्थितीत सदर विद्यार्थिनींस परीक्षा अर्धवट सोडावी लागली,' असं लिहून खाली सही केली. तिथल्या सरांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, "घरमालक कुठे आहेत?" मी म्हणालो, मीच. त्यांनी अर्ज लगेच मंजूर केला आणि त्याची एक झेरॉक्स काढून घेतली. कशाला ते सांगितलं नाही. बुधवारी पाचही मुलींची टेस्ट झाली. अर्शी टॉपच्या बॅचमध्ये गेली. आता ती जिना उतरताना मला पाहिलं की पुटपुटणं थांबवते आणि हसते. हे जास्त त्रासदायक आहे.

राहिली उतरंड. आठ दिवस संपले होते. मी स्वतःच म्हणालो, "पुनम, तू जिंकलीस. फोन काढतो फळीवरून."

"काढू नका," ती म्हणाली.

मला बरं वाटलं. तिने उतरंड रचायला घेतली. डबा, तांब्या, फुलपात्र, वाटी. मग वाटीतल्या पाच गोट्या काढून तिने कपाटात ठेवल्या. माझ्या हातातला फोन घेतला, बंद केला, आणि वाटीवर आडवा ठेवला. कव्हरशिवाय.

"अगं, पडेल!"

"त्यासाठीच," ती म्हणाली. "त्र्याण्णवला निम्मा जिल्हा पडला तरी तुम्हाला जाग आली न्हाई. भांडी पडून तर येतच न्हाई. पण ह्यो पडायच्या आधी तुम्ही उठाल. आन् उठलाव की," तिने खोका उचलून माळ्यावर टाकला, "आधी माझं नाव घ्या. मंग फोन."

त्याला आता दोन महिने झाले. दालमिलचा ट्रक गल्लीच्या तोंडावर वळला की मी ताडकन उठून बसतो, दोन्ही हात पसरून, आणि म्हणतो, "पुनम!" ती उत्तर देत नाही. ती झोपलेली असते. गाढ, सलग, तीस वर्षांची राहिलेली झोप घेत. मी फळीकडे बघतो, फोन जागेवर आहे याची खात्री करतो, आडवा होतो. मग पुढचा ट्रक येतो.

मंचावर मी हे काही लिहिलेलं नाही. परवा रविवारी दुपारी दिवाणावर अर्धवट झोपेत पडलो होतो, तर स्वयंपाकघरातून पुनमचा आवाज आला. फोनवर आईशी बोलत होती.

"हाव आई, नवीन मशीन लई भारी हाय. साधा टेंपो गेला तरी कळतं, आन् माझ्या नावानं हाक मारतं... न्हाई, वायर-बियर काय न्हाई... तेवढं दुपारी चार्जिंगला टाकावं लागतं. आत्ता तिकडंच हाय. ऐकू यायलंय का? घोरतंय."